न फवारलेला पट्टा

वडील चादरीवर भिंग ठेवायचे,
इंचात उभे धागे किती, आडवे किती,
एखादा कमी निघाला की माग थांबवून
तेलुगूत शिवी हासडायचे,
धाग्याला. मालकाला नाही.

मी तशीच मोजते.
काचेवर कोरलेले बारीक चौकोन,
वरच्या आणि डाव्या रेघेवरचे धरायचे,
खालच्या आणि उजव्या रेघेवरचे सोडायचे.
सोडलेले कुठे जातात, पहिल्या वर्षी मी विचारलं होतं.
सर म्हणाले, येमूल, ते शेजारच्या चौकोनाचे.

विषाणू दिसत नाही. दिसतं ते त्याचं घर,
खडीसाखरेच्या चुऱ्यासारखं,
भिंग किंचित फिरवलं की लखलखणारं.

मागच्या खोलीत घाटेअळ्या वाढतात
हरभऱ्याच्या पिठाच्या वड्यांवर.
प्रत्येकीला वेगळी वाटी,
एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात.
विषाणू पाजला की सहाव्या-सातव्या दिवशी
त्या चढतात, जमेल तेवढ्या वर,
झाकणाला मागचे पाय रोवून
उलट्या लटकतात.
कातडी शाबूत, आत सगळं पाणी.
ते पाणी आम्ही गाळतो, मोजतो, बाटलीत भरतो.

बाजारातल्याही बाटल्या येतात तपासायला.
लेबलवर एकावर नऊ शून्यं.
परवा एकीत फक्त शून्यंच निघाली,
आणि तळाशी थोडा गाळ.

मंद्रूपला फवारणी दिवस कलल्यावर.
ऊन विषाणूला मारतं, आणि आमच्याकडचं ऊन
डिसेंबरातही कुणाची भीड ठेवत नाही.
म्हणून पाण्यात थोडा गूळ, थोडी नीळ.
तीच नीळ, जी आई
पांढऱ्या टॉवेलांना द्यायची साखर पेठेत.
निळ्या पाण्याआड तो थोडा जास्त टिकतो.

निंगव्वा हत्तुरे बांधावर उभी होती.
"सगळ्यांच्या रानाला दिलं. माझाच पट्टा उपाशी का?"
मी म्हटलं, मावशी, ताडून बघायला
काहीतरी न केलेलं लागतं.
"म्हणजे माझं रान तुमची कोरी पाटी."
मी गप्प बसले. पंपाची नळी गुंडाळली.
हात दिवसभर आंबेनं आंबट झाले होते.

अकराव्या दिवशी ती एसटीनं आली,
चुन्याची डबी पदराच्या गाठीत.
डबीत पाच अळ्या, काळ्या, ओघळलेल्या.
"शेंड्याला लोंबत होत्या. डोकं खाली.
तुम्ही तर माझ्याकडं काही मारलं नव्हतं."

नव्हतं. नोंदवहीत तारखेसह आहे, नव्हतं.

काचेवर थेंब पसरला. लखलख.
तरी खात्री म्हणून रात्री जेल चालवली,
आणि पट्टी उमटली
गुरुबाळाच्या फवारलेल्या रानातल्या नमुन्याशेजारी,
तंतोतंत त्याच उंचीवर.

मग मी तिच्या रानात सकाळभर
आईस्क्रीमच्या चमच्यानं बगळ्यांची शीट गोळा केली.
पोरं बांधावरून हसत होती.
बगळे तिकडे खातात, इकडे चालत येतात,
त्यांना पट्ट्यांच्या खुंट्या दिसत नाहीत.
सात नमुन्यांत चार लखलखले.

सर चष्मा पुसत म्हणाले, नियंत्रण प्लॉट गेला.
"दूषित" लिहा आणि हंगाम वगळा.
मी "दूषित" लिहिलं.
शेरा या रकान्यात, जिथे सहसा पाऊस किंवा जनावरं लिहितात,
"बगळे" लिहिलं.
शाई वाळेपर्यंत पान उघडंच ठेवलं.

संध्याकाळी निंगव्वाचा फोन.
घाटे बरे भरलेत, अळी कमी आहे,
औषध तुम्ही दिलं नाही म्हणता,
मग बगळ्याला किती द्यायचे?

मी हसले, आणि मोजणी चुकली.
खालच्या रेघेवरचा एक
धरला होता की सोडला होता, आठवेना.
बोट बटणावरून काढलं,
पुन्हा पहिल्या चौकोनापासून.